दोन शिट्ट्यांचा ऑक्टोबर

संध्याकाळी शाळेच्या फाटकातून बाहेर पडले आणि सप्तपर्णीचा वास आला. म्हणजे ऑक्टोबर लागला. मुलुंडच्या आमच्या या रस्त्यावर महापालिकेने कधीकाळी ओळीने ही झाडं लावून ठेवली आहेत. वर्षभर ती कुणाच्या खिजगणतीत नसतात. पाऊस ओसरला, ऊन चटके द्यायला लागलं, की त्यांना हिरवट पांढरे गुच्छ लागतात आणि दिवस कलता कलता असा काही वास सुटतो की निम्मी माणसं खूश होऊन मान वर करतात आणि निम्मी डोकं धरतात. मी डोकं धरणाऱ्यांतली. इतकं गोड कुणी उगाच होत नाही, त्यामागे काहीतरी असणार, असं मला झाडाबद्दलसुद्धा वाटतं. स्वभाव आहे. गणिताच्या बाईला तो शोभून दिसतो म्हणून इतकी वर्षं खपला.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे सहामाही परीक्षा. वर्गातला पंखा तोच गरम वारा फिरवत असतो. खडूची पूड घामाला चिकटून मनगटावर तिचं पीठ होतं. मुलांच्या कोपराखाली उत्तरपत्रिका ओल्या होतात, पुरवण्यांचे दोरे बोटांना गुंडाळत मुलं खिडकीबाहेर बघतात. समोरच्या डोंगरावरचं हिरवं एव्हाना कडेकडेने पिवळं पडायला लागलेलं असतं. चार दिवसांनी दिवाळीची सुट्टी, आणि त्याच्या अलीकडे भूमितीचा पेपर. या दिवसांत माझे डोळे आपोआप बारीक होतात. कुणाची मान वळते, कुणाचा हात खिशात जातो. पंचवीस वर्षं सुपरव्हिजन केल्यावर बाई माणूस उरत नाही, नजर उरते.

त्या नजरेबद्दलच आज लिहायचं आहे. बोलून हे मला कधी जमलं नाही.

करोनानंतर शाळा पुन्हा भरायला लागल्या, त्यानंतरच्या ऑक्टोबरची ही गोष्ट. दोन वर्षं घरात कोंडलेली मुलं परत आली तेव्हा ती उंच झाली होती आणि विचित्रही. कुणी बोलेना, कुणी थांबेना. नववीतली तन्वी परब त्यांतली सगळ्यांत अवघड. भांडुपच्या डोंगरउतारावर राहणारी, काटकुळी, केस घट्ट बांधलेले. एरवी गप्प, आणि एकदम भडका. जूनमध्ये तिने खिडकीची काच फोडली. ऑगस्टमध्ये शेजारच्या मुलीच्या डोक्यात कंपासपेटी घातली. दोन्ही वेळा "का केलंस?" विचारलं तर ती छताकडे बघायला लागली. मुख्याध्यापिकांनी तिच्या आईला बोलावून सांगितलं, "आता तिसऱ्यांदा काही झालं तर दाखला हातात देईन. मला बाकीची मुलंही आहेत."

त्याच सुमारास शाळेत मृण्मयी यायला लागली. पार्ल्याची, विशी नुकतीच ओलांडलेली, खांद्यावर तागाची पिशवी, समुपदेशक. आठवड्यातून दोनदा येऊन ती मुलांना राग, भीती, उदासी कशी हाताळायची ते शिकवणार होती. म्हणजे मन मोकळं करा वगैरे नव्हे. कसरतीसारखं, सराव करून अंगात मुरवायची कौशल्यं. भावना चढायला लागली की ती कितीवर आहे ते ओळखायचं. तोंडावर गार पाणी मारायचं. श्वास आत घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा. जे करावंसं वाटतंय त्याच्या बरोबर उलटं करून बघायचं. तिच्याजवळचे सगळे कागद इंग्रजीत होते आणि ते आमच्या मराठी शाळेच्या बेताचे करायचे होते. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. "सुषमा, तू बस तिच्याबरोबर. तू कडक आहेस. फालतू काही आत येणार नाही."

मी बसले. आणि प्रत्येक ओळीला अडले. कागदात होतं, चेहऱ्यावर बर्फ धरा. मी म्हटलं, "बर्फ? आमच्या शाळेत फ्रीज एकच, तो प्रयोगशाळेत, आणि त्याचं दार दोरीने बांधलेलं." मृण्मयी हसली. "मग नळ चालेल ना, मॅडम? व्हरांड्याच्या टोकाचा?" चालेल, म्हटलं. मनात म्हटलं, मुलांना तेवढंच हवंय, तासातून नळावर जायला.

सगळं मान्य करून झाल्यावर ती म्हणाली, "एकच नियम कडक आहे. मुलाने खूण केली की जाऊ द्यायचं. कारण विचारायचं नाही."

"कारण विचारायचं नाही?"

"नाही. त्या क्षणी नाही. नंतर मी बोलेन."

आता हे कुणाला सांगता? मी आयुष्यभर पोरांना हेच शिकवत आले की विधान केलंत की त्याच्यापुढे कंसात कारण लिहा. सामाईक बाजू. विरुद्ध कोन. पक्ष. कारण नसलेल्या सिद्धतेला माझ्याकडे अर्धा गुणसुद्धा नाही. आणि ही मुलगी मला सांगत होती, चाळीस मुलांच्या वर्गात कुणी उठून म्हणेल 'मला सहन होत नाहीये', तर ते मी तसंच धरून चालायचं.

पहिल्या तासाला मी वर्गात मागे उभी राहिले, पहारा द्यायलाच. मृण्मयीने फळ्यावर तापमापक काढला. शून्य ते शंभर. म्हणाली, तुमचा राग आत्ता कुठे आहे ते मनाशी मोजा. मुलं देवळातल्या नंदीसारखी बघत राहिली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, तन्वीचा. "त्यापेक्षा कुकर काढा ना."

वर्ग हसला. मृण्मयीने खरंच कुकर काढला. "सांग पुढे."

तन्वी उठलीही नाही. बाकाकडे बघत बोलली, "एक शिट्टी झाली तर काय नाय, भात कच्चाच असतो. दुसरीला गॅस बारीक करायचा. तिसरीला बंद. नाय केला तर खालून करपतो आणि वरून कळत पण नाय."

इतकी सलग वाक्यं तिच्या तोंडून त्याआधी शाळेत कुणी ऐकली नव्हती. त्या दिवसापासून तापमापक गेला आणि शिट्ट्या आल्या. बोटांची खूण ठरली. दोन बोटं वर केली की नळावर जायचं, तोंड धुवायचं, श्वास जागेवर आणायचा, परत यायचं; कारण कुणी विचारायचं नाही, हेही मृण्मयीने वर्गासमोर सांगितलं. पोरांनी ते आपलंच करून टाकलं. पी.टी.च्या सरांचा आवाज चढला की मुलं आपसांत कुजबुजायची, "सरांची दुसरी झाली रे, गॅस बारीक करा." ओंकार नावाचा एक इरसाल मुलगा पाढे विचारले की दोन बोटं वर करायचा. वर्ग ओरडायचा, "बाई, याचा कुकर नाही, शिट्टीच बिघडलीय!" आणि मी मृण्मयीकडे विजयी मुद्रेने बघायची. बघ, म्हटलं होतं ना.

संशयाची हीच वाईट खोड आहे. तो अधूनमधून खरा ठरतो.

तन्वी मात्र ओंकारसारखी नव्हती. ती बोटं वर करायची ती जेमतेम बाकाच्या उंचीइतकी. जायची, यायची. कपाळावरचे केस ओले, बाह्या ओल्या. आणि आली की वही उघडून पुढचं गणित सोडवायला लागायची, जसं काही झालंच नाही. सप्टेंबर तसाच गेला. काच नाही, कंपासपेटी नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायला लागले, पोरगी सुधारली. मला मात्र दुसरंच दिसत होतं. जी मुलगी पाच मिनिटांत इतकी शांत होऊन येते, तिला मुळात काही होत असेल का? खरं दुःख असं नळाच्या पाण्याने जातं का? उपाय लागू पडला हाच मला आजार नसल्याचा पुरावा वाटला. आज हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा ते मला अगदी तर्कशुद्ध वाटलं होतं.

याच्या तळाशी काय होतं तेही सांगून टाकते. मी विक्रोळीला कंपनीच्या चाळीत वाढले. आमचे बाबा वाईट नव्हते, थकलेले होते. आमच्यापैकी कुणी रडलं की ते विचारायचे, "काय झालं?" कारण पटलं नाही की म्हणायचे, "थांब, रडायला कारणच देतो." आणि द्यायचे. मी लवकर शिकले. गिळायला शिकले, चेहरा कोरा ठेवायला शिकले. पुढे नवरा गेल्यावर तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी शाळेत येऊन त्रिकोणाची एकरूपता शिकवली, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला कुणी दोन बोटं वर करू दिली नव्हती. तन्वी ओले केस घेऊन वर्गात यायची तेव्हा मला जे वाटायचं त्याला मी संशय म्हणत होते. बराचसा हेवा होता तो.

ऑक्टोबर लागला. सप्तपर्णी फुलली. सहामाहीच्या आदल्या आठवड्यात माझ्या तासाला तन्वीने बोटं वर केली. मी फळ्यावर प्रमेय लिहीत होते. मी तिला जाऊ दिलं, पण ती दारापाशी पोचली तेव्हा तिच्यामागे व्हरांड्यात गेले. अगदी मऊ आवाजात विचारलं, "काय होतंय गं तुला? मला तरी सांग. कारण काय?"

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला नंतर अनेकदा आठवली आहे. तिच्यात पकडल्या गेलेल्या चोराची भीती नव्हती, उत्तर पाठ न झालेल्या मुलीची होती. मग ती म्हणाली, "आईला ॲडमिट केलंय, बाई."

"अगं बाई! कुठे?"

"सरकारी हॉस्पिटलात."

दोन दिवसांनी मी भांडुपच्या बाजारात बोंबील घ्यायला गेले होते. समोर तन्वीची आई, दोन्ही हातांत पिशव्या, कोळणीशी मोठमोठ्याने घासाघीस करत. मी जवळ जाऊन म्हटलं, "बरं वाटतंय का आता? घरी आणलं वाटतं."

"माका काय धाड भरली?" ती हसली, मग मला ओळखून पदर सावरत म्हणाली, "बाई, तुम्ही होय. मी बरी आहे की. काय झालं? चेडवान काय केल्यान?"

"तन्वीने? काही नाही," मी म्हटलं. आणि मासे घेतल्याशिवाय परत फिरले. मला आनंद झाला होता. हे मी कुणालाही, कधीही सांगितलेलं नाही. सापडली, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांसमोर सिद्धता मांडली. पक्ष, साध्य, कारणासकट. मृण्मयी तिथेच होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही तिला कारण विचारलं होतंत?"

"सहज. आपुलकीने."

"मग दिलं तिने तुम्हाला एक. खरं कारण तिचं तिलाच माहीत नसतं, मॅडम. म्हणून तर नियम होता."

मुख्याध्यापिकांनी दोघींकडे पाहिलं. परीक्षा तोंडावर, पालक तक्रारी करतायत की नळाच्या निमित्ताने कॉप्या चालतात. त्या म्हणाल्या, "परब खोटं बोलली हे तर खरं ना? तिची ही सवलत परीक्षेपुरती बंद. बाकीच्यांचं बघू." आणि माझ्याकडे वळून, "त्या वर्गावर तूच रहा, सुषमा. तुझी नजर चांगली आहे."

भूमितीचा पेपर दुपारचा होता. खिडकीतून सप्तपर्णीचा वास भर उन्हातही येत होता, किंवा मला तसं वाटत होतं. अर्धा पेपर झाला तेव्हा तन्वीची पेन्सिल थांबली. तिने मान वर करून मला शोधलं. दोन बोटं. बाकाच्या उंचीइतकी.

मी घड्याळाकडे पाहिलं.

पुन्हा तिच्याकडे पाहिलं तेव्हा तीन बोटं होती, आणि हात खांद्याच्या वर होता. आजवर तिने तीन कधी दाखवली नव्हती. मी वळले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी कंदिलाच्या काड्या सायकलवर बांधून नेत होतं. ते मी फार लक्ष देऊन पाहिलं. माझ्या पाठीला डोळे फुटले होते आणि मान जागची हलत नव्हती. मी वाट बघत होते. बाक कधी उलटेल, काच कधी फुटेल, कोण किंचाळेल, याची वाट. म्हणजे माझी सिद्धता पुरी झाली असती.

आवाज आला तो बारीक. कागद फाटण्याचा. तन्वी आपली उत्तरपत्रिका फाडत होती. आधी उभी, मग आडवी, पट्टी लावल्यासारखी सरळ. तुकडे तिने कंपासपेटीत भरले, पेटी बंद केली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि घंटा होईपर्यंत ताठ बसून राहिली. तिने कुणाला धक्का लावला नाही. काहीही फोडलं नाही. ओंकारसुद्धा हसला नाही.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तिने काही खूण वगैरे केली होती का?"

"माझं लक्ष गेलं नाही," मी म्हटलं.

दाखला कुणी तिच्या हातात दिला नाही. तिची आईच दिवाळीनंतर येऊन घेऊन गेली. ऑफिसबाहेर मला बघून म्हणाली, "बाजारात विचारल्यात तेव्हाच तिची थाप मला सांगायची होतीत ना, बाई. मी तिला ओरडले असते आणि संपलं असतं." त्यात राग नव्हता. मला राग हवा होता.

मृण्मयी वर्षअखेरीला गेली. तिच्यानंतर दुसरी आली, मग तिसरी. शिट्ट्या मात्र राहिल्या. आता पाचवीतली मुलंही बोटं दाखवतात. हे कुणी सुरू केलं ते त्यांना माहीत नाही. मी कुणालाही अडवत नाही. उदार झाले म्हणून नव्हे. परवाच एकाने दोन बोटं वर केली आणि माझ्या मनात पहिला शब्द तोच आला, ताजा, धारदार: खोटं. असेलही. मी दाराकडे मान हलवली. तो शब्द जाईल असं मला आता वाटत नाही; तो बसून असतो, मी फक्त त्याला उठून काही करू देत नाही. आणि कधीकधी स्टाफरूममध्ये गप्पा चालू असताना मीही उठते, व्हरांड्याच्या टोकाला जाते, तोंडावर पाणी मारते. परत आल्यावर कुणी विचारलंच, "काय झालं हो?" तर माझ्याकडे कारण तयार असतं. डोळ्यात काहीतरी गेलं. लोकांना पटतं.

तर आज संध्याकाळी तो वास डोक्यात घेऊन मी भांडुपपर्यंत चालत गेले. चालायला नको इतकं गरम होतं, पण पाय थांबले नाहीत. स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्यावर कंदिलांचे स्टॉल लागले आहेत. एका स्टॉलवर एक मुलगी स्टुलावर उभी राहून बांबूच्या काड्यांचा मोठा षट्कोनी कंदील टांगत होती. केस आखूड कापलेले. ती खाली उतरली आणि मी ओळखलं. तिनेही.

"बाई!" मग जरा थांबून, "घ्या ना, काकांचा स्टॉल आहे. सगळे हाताने केलेत, प्लास्टिक नाय."

"काय करतेस आता?"

"कॉलेज. कॉमर्स." ती हसली. "भूमिती नाय तिकडे."

मी एका कंदिलाच्या झिरमिळ्या उगाच सारख्या केल्या. तिने विचारलं, "अजून चालतात का शिट्ट्या?"

"चालतात. पाचवीपर्यंत पोचल्यात."

"आयला," ती म्हणाली, आणि जीभ चावली. खूश झाली होती. तो चेहरा बघून मी बोलले, नाहीतर आजही राहिलं असतं. "तन्वी, त्या दिवशी पेपरला मी तुझी बोटं बघितली होती. दोन. मग तीन."

"माहितीय, बाई." तिने दोरीची गाठ दाताने घट्ट केली. "दोन बघितलीत ते मला दिसलं. म्हणून तर तिसरं वर केलं."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. कुणीतरी तिला निळा कंदील दाखवायला सांगत होतं. मी म्हटलं, "मी जाऊ दिलं नाही, कारण..." आणि माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं. इतकी वर्षं वापरलेली सगळी कारणं तिथे, त्या उजेडात, लहान मुलाच्या थापेसारखी दिसत होती.

"असू दे," तन्वी म्हणाली. "कारण विचारायचं नाय ना."

मी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा आहे का, माफी आहे का, की नुसतीच गिऱ्हाइकाची घाई. माझी नजर चांगली आहे म्हणतात. मला काही कळलं नाही.

कळलं ते एवढंच, की माझे ओठ थरथरायला लागले आहेत आणि ते तिला दिसलं आहे. तिने काही विचारलं नाही. हनुवटीनेच स्टॉलच्या मागे दाखवलं. तिथे पाण्याचा जार होता, त्यावर उपडा ग्लास. मी मागे गेले, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं, श्वास सावकाश सोडला. पुन्हा घेतला.

ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. निळा कंदील काढायला स्टुलावर चढली होती, आणि तो काढायला तिला बराच वेळ लागत होता.